झाशीवर चालून गेलेला खापरपणजोबा

प्रिय नाशिककर,

इतर वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत चांदीचं पदक सापडलं. त्यावर व्हिक्टोरिया राणी, वर ‘सेंट्रल इंडिया’ अशी पट्टी आणि कडेला एक आयरिश नाव व ८६वी पलटण. पणजीचा बाप गोरा सोल्जर होता, एवढंच घरात कुजबुजत बोललं जायचं. तुला त्याचं आयर्लंडमधलं गाव शोधायचंय. ८८ वर्षांचे काका मात्र म्हणतात, “झाशीच्या राणीवर चालून गेलेल्याचं पदक ते, सोनाराकडे नेऊन वितळव.”

काकांचं आधी घेते, कारण ते चूक बोलत नाहीत. ८६वी म्हणजे ‘रॉयल काउंटी डाऊन’ पलटण. ती इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत होती आणि एप्रिल १८५८मध्ये झाशीत घुसणाऱ्यांतही होती. पुढे शहरात काय झालं ते वरसईच्या विष्णुभट गोडशांनी आत राहून पाहिलं आणि ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं. वाचलं नसशील तर आधी ते वाच. आता तो सोल्जरही उपाशी मुलखातून आला असणार. १८४५पासून बटाट्यावरच्या रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि मजुराच्या पोराला पगार-शिधा देणारी जागा म्हणजे इंग्रजांची फौज. पण म्हणून झाशी फिटत नाही. तेव्हा “तो बिचारा गरीब होता हो” असं काकांना समजवायला जाऊ नकोस.

वितळवू मात्र नका. पितांबरीने घासूही नकोस, कडेवरचं नाव पुसट होईल आणि सध्या तुझ्या हातात तेवढंच आहे.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. पदक घरात आहे म्हणून तो तुमचा पूर्वज, असं होत नाही. सोल्जर पदकं गहाण टाकत, विकत; ती कुठूनही कुठे जात. त्यात हे आडनाव (मी छापत नाही) तिकडे आपल्या पाटलांइतकं सर्रास. लोक ते थेट आयरिश वेबसाइटवर टाकतात, शेकड्याने माणसं निघतात, त्यातला मनाला येईल तो खापरपणजोबा ठरतो. वर आडनावाचं ‘राजचिन्ह’ छापलेला मगही घेतात! तिथे असं चिन्ह एखाद्या माणसाला दिलेलं असतं, अख्ख्या आडनावाला नव्हे.

तू पणजीपासून सुरुवात कर. तिचा बाप्तिस्मा झाला असेल तर छावणीच्या चर्चच्या रजिस्टरात नोंद असेल. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या साइटवर बरीच नावं फुकट शोधता येतात. तिथे बापाचं नाव पदकाशी जुळलं, तर मग नातं खरं. पलटण वेगळी दिसली तर लगेच निराश होऊ नकोस. पलटण मायदेशी निघाली की काही सोल्जर दुसऱ्या पलटणीत नाव घालून इथेच राहत.

त्याच नोंदीत आईचा रकाना बघ. बऱ्याचदा तिथे नुसतं एक ख्रिस्ती नाव असतं, कधी तेही नसतं. ती बाई कोण होती, कुठली होती, हा प्रश्न तुझ्या चार पानी पत्रात एकदाही आलेला नाही. मला तर तो सोल्जरच्या गावापेक्षा मोठा वाटतो. आणि काकांचा राग सगळा झाशीचाच आहे, की तिचं लग्न झालं होतं की नाही या कुजबुजीचाही आहे, अशी मला शंका आहे.

सोल्जर पेन्शन घेऊन सुटला असेल तर त्याचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळू शकतात. त्यात जन्माचा पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), काउंटी (म्हणजे जिल्हा), वय आणि आधीचा धंदा लिहिलेला असतो. हा पॅरिश मिळेपर्यंत आयर्लंडकडे वळूच नकोस. पलटणीच्या नावात डाऊन आहे म्हणून तो डाऊन काउंटीचा, असंही धरू नकोस. भरती कुठूनही होई.

पॅरिश कळला की कॅथलिक रजिस्टरं आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट पाहता येतात. नावं कधी लॅटिनमध्ये असतात, पॅट्रिकचा पॅट्रिशियस होतो. १८४७ ते १८६४ची ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ ही जमीनमोजणी गावातली घरं दाखवील. जन्मदाखला मात्र शोधू नकोस. सरकारी जन्मनोंदणी १८६४ला सुरू झाली. १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दप्तरखान्यात जळाले. १९०१ आणि १९११च्या शिल्लक आहेत, त्यात त्याच्या भावंडांचं कुणी सापडलं तर सापडेल.

पण हे सगळं नंतर. पणजीला प्रत्यक्ष पाहिलेले आता काका एकटेच उरलेत ना? या रविवारी जा, पदक घरी ठेवून जा. सोल्जरचा विषय काढू नकोस. ती कुठल्या चर्चला जायची, घरात काय बोलायची, तिला कुठे पुरलं, एवढंच विचार आणि लिहून घे. डीएनए चाचणीचं म्हणशील, तर तुझ्यापेक्षा काकांची दुप्पट कामाची, ते एक पिढी जवळचे. पण त्यांनी आपणहून हो म्हटलं तरच.

आणि धाकट्याने विचारलंय तो आयरिश पासपोर्ट: नाही मिळणार. तिकडे जन्मलेल्या आजी-आजोबांपर्यंत हक्क पोचतो, त्यामागे गेलं तर आई-बापाने मुलाच्या जन्माआधीच नोंदणी केलेली लागते. त्याला म्हणावं, आयईएलटीएसचा अभ्यास कर.

तुझी,
मावशी