वाचकांचे प्रश्न: किडनी गेली, पण बोर्ड म्हणतं नोकरीशी संबंध नाही

प्रश्न: माझे मिस्टर आर्टिलरीत हवालदार होते, २०२१ ला रिटायर झाले. २०१४ ते १६ लडाखला होते, मग पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी आले आणि तिथे २०१८ ला बीपी सापडलं, लघवीत प्रोटीन पण जायला लागलं, लो मेडिकल कॅटेगरी झाली. जाताना रिलीज मेडिकल बोर्डने ४० टक्के लिहिलं पण खाली "नाना" (NANA, नोकरीशी संबंध नाही) असं लिहून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. पहिलं अपील केलं ते पण गेलं. आता रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याचं माप, वाढत चाललंय, डॉक्टर डायलिसिसची तयारी ठेवा म्हणतात. आजार एवढा वाढला हे दाखवलं तर पेन्शन मिळेल का? — एक वाचक, कराड तालुका

उत्तर: ताई, आधी सरळच सांगतो, आजार किती वाढला यावर तुमची केस उभी राहणार नाही. बोर्डने ४० टक्के मान्य केलेच आहेत, भांडण टक्क्यांचं नाहीच मुळी. भांडण आहे ते नानाचं, म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही असा जो शेरा मारलाय त्याचं. त्यामुळे नवीन सोनोग्राफी, नवीन क्रिएटिनिन याची फाइल कितीही जाड केली तरी समोरचा म्हणणार, हो आजारी आहेत, पण आमच्यामुळे नाही. तुम्हाला जुने कागद पाहिजेत, आजार कधी आणि कुठे सुरू झाला ते सांगणारे.

आणि किडनीत नेमका इथेच घोळ होतो. हा आजार गुपचूप चालतो, जवळपास अर्धं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं, माणूस पळतो, ड्युटी करतो, त्याला काही कळत नाही. म्हणजे २०१८ ला सापडलं याचा अर्थ २०१८ ला सुरू झालं असा होत नाही. बोर्ड मात्र "पीस स्टेशनला ऑनसेट", म्हणजे आजार तिथे सुरू झाला, असं लिहून मोकळं होतं, कारण फील्डला (सीमेवरच्या भागात) किंवा हाय अल्टिट्यूडला (लडाखसारख्या उंचावर) आजार लागला असं लिहिलं की नोकरीचा ताण मान्य करावा लागतो. मला विचाराल तर किडनीच्या केसमध्ये या एका ओळीवरच सगळ्यात जास्त जोर लावायला पाहिजे.

तर आधी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, आर्टिलरीचं नाशिक रोडला आहे. आरटीआय टाकून रिलीज मेडिकल बोर्डची पूर्ण प्रोसिडिंग मागा, भरतीच्या वेळची मेडिकल, दरवर्षीच्या मेडिकलचे कागद, हॉस्पिटलच्या ॲडमिशनचे आणि कॅटेगरीच्या बोर्डचे कागद, आणि कुठल्या तारखेपासून कुठे पोस्टिंग होतं त्याचा तक्ता. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घराघरात फौजी, पण घरात कागद विचारले तर डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचं पीपीओ यापलीकडे काही निघत नाही हो! कागद आले की बीपीचे आकडे वर्षावर्षाने बघा, लघवीत अल्ब्युमिनची, म्हणजे प्रोटीनची नोंद कधी आली ते बघा. लडाखला असताना किंवा तिथून आल्या आल्या बीपी वर चढलेलं दिसलं तर तुमचा निम्मा मुद्दा तिथेच झाला, कारण मेडिकल ऑफिसरांसाठी जी लष्कराची गाइड आहे तिच्यातच प्रायमरी हायपरटेन्शन (दुसऱ्या आजारामुळे नसलेलं वाढलेलं बीपी) फील्डला किंवा हाय अल्टिट्यूडला नोकरी असेल तर नोकरीमुळे वाढलेला आजार धरावा असं आहे, आणि वाढलेलं बीपी किडनीला खातं हे कुठलाही डॉक्टर सांगेल. उलटही होतं म्हणा, किडनी बिघडली की बीपी वाढतं, म्हणून आधी काय आलं हे नेफ्रोलॉजिस्टकडून जुने कागद दाखवून लिहून घ्या, नुसतं "पेशंट माझ्याकडे उपचार घेत आहे" असलं सर्टिफिकेट कामाचं नाही.

कायद्याचं थोडक्यात. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस ठणठणीत होता असं धरायचं, नंतर आजार निघाला तर नोकरीशी संबंध नाही हे कारण देऊन सांगायची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. सरकारी वकील म्हणतील की तो निकाल डिसॅबिलिटी पेन्शनच्या १९८२ च्या नियमांवर होता आणि तुमच्या मिस्टरांना २००८ चे नियम लागतात. लागतात, खरंय. पण त्यातही साधारणपणे पुरावा जवानाकडून मागायचा नाही असंच आहे. म्हणून बोर्डने नुसतं "कॉन्स्टिट्यूशनल" म्हणजे अंगचाच आजार एवढा एक शब्द लिहून विषय संपवलाय का हे बघा, कारण न देणं हीच त्यांची कमजोर बाजू.

आता दुसरं अपील करा, ते नाकारलं किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या मुंबई बेंचकडे जाता येतं. तिथेही सहा महिन्यांची मुदत असते, उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्याने उशिरामुळे केस सहसा मरत नाही, पण थकबाकी साधारण केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, तेव्हा घरात बसून जाणारा प्रत्येक महिना खिशातून जातोय असं समजा.

पैशाचं पण सांगतो. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. पगार ५०,००० धरला तर ४० टक्क्याला ६,००० होतात, पण ५० पेक्षा कमी असलेलं ५० धरायचं असा राउंडिंगचा फायदा आहे, मग ७,५०० आणि वर महागाई रिलीफ. राउंडिंग आधी फक्त इनव्हॅलिड होऊन, म्हणजे आजारामुळे मुदतीआधी घरी आलेल्यांना देत होते, २०१४ च्या राम अवतार निकालानंतर पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही मिळतं, अर्जात ते स्पष्ट मागा.

आणि हे सगळं चालू असताना डायलिसिससाठी थांबू नका बरं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन पॅनलच्या हॉस्पिटलात होतं, त्याचा या अपिलाशी काहीही संबंध नाही.

प्रश्न: मी २०१९ ला शेप वन कॅटेगरीत रिटायर झालो, म्हणजे एकदम फिट. २०२३ ला किडनीचा आजार निघाला. आता काही मागता येतं का? — एक माजी सैनिक, चंदगड

उत्तर: दादा, दरवाजा आहे पण अरुंद आहे. २००८ च्या नियमांत रिटायर झाल्यापासून सात वर्षांच्या आत निघालेला आजार धरता येतो, पण त्याची सुरुवात नोकरीतल्या परिस्थितीमुळेच झाली होती आणि तो उशिरा दिसला हे मेडिकल अथॉरिटीला पटलं पाहिजे. तुम्ही फिट म्हणून बाहेर पडलात हे तुमच्या विरोधात वापरणार. तरी सर्व्हिसमधले जुने लघवीचे रिपोर्ट काढा, उन्हाचा झटका लागून ॲडमिट झाला होतात का ते आठवा, त्यात किडनीला मार बसतो. हाताशी एकही कागद नसेल तर वकिलाला फी देण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बोला.

प्रश्न: भावाला किडनीसाठी १५ टक्के दिलेत आणि नोकरीमुळे आहे हे पण मान्य केलंय. तरी पेन्शन नाही. राउंडिंग करून ५० होत नाही का? — एक वाचक, नगर

उत्तर: भाऊ नोकरी पूर्ण करून रिटायर झाला असेल तर नाही होत. आधी डिसॅबिलिटी किमान २० टक्के असावी लागते, मगच राउंडिंग, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ ला स्पष्ट केलंय. पण आजारामुळे मुदतीआधीच त्याला घरी पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल आहे, इनव्हॅलिड केलं म्हणजे २० च्या वर धरायचं. डिस्चार्ज बुकात घरी पाठवायचं कारण काय लिहिलंय ते बघून परत लिहा.