डोस पाठ आहेत, पण ड्रिलमध्ये हात चालत नाहीत

वाचकांचे प्रश्न, पॅरामेडिकची उत्तरं

यावेळचे बहुतेक प्रश्न इमर्जन्सीतल्या औषधांचे आणि हृदयाच्या पेशंटचे आहेत. मी आधी बरीच वर्षं रुग्णवाहिकेच्या गाडीवर पॅरामेडिक म्हणून काम केलं आणि आता नवीन पोरापोरींना शिकवते, त्या अनुभवातूनच उत्तरं देतेय. डोस सांगितलेत ते मोठ्या माणसांचे आहेत. तुमच्या सेवेचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळायचा.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. लेखी परीक्षेत सगळे डोस बरोबर येतात पण मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) ड्रिल सुरू झालं की डोकं रिकामं होतं. मागच्या आठवड्यात ॲड्रेनॅलिनचा डोस विचारला तर मी भलतंच बोलले. मला हे जमणार नाही असं वाटायला लागलंय.

जमेल. आणि यात तुझ्या स्मरणशक्तीचा काही दोष नाहीये गं, तू पाठ केलंस ते खुर्चीत बसून, शांतपणे, हातात पेन घेऊन, आणि तुला विचारलं गेलं ते गुडघ्यावर बसलेली असताना, कानाशी मॉनिटर ओरडतोय, शेजारचा छातीवरचे दाब मोठ्याने मोजतोय अशा वेळी. ज्या अवस्थेत आठवायचंय त्याच अवस्थेत शिकावं लागतं.

तू नक्की काय बोललीस ते लिहिलं नाहीस, पण ॲड्रेनॅलिनमध्ये बहुतेक सगळे एकाच ठिकाणी घसरतात. औषध एक आणि कामं दोन. हृदय बंद पडलं असेल तर १ मिलिग्रॅम, शिरेतून किंवा हाडातून, दर ३ ते ५ मिनिटांनी. जीवघेणी ॲलर्जी असेल तर ०.५ मिलिग्रॅम, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आता १ मिलीच्या अँप्युलमध्ये (औषधाच्या काचेच्या कुपीत) १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ॲलर्जीला अर्धा मिली. पण १० मिलीची भरलेली सिरिंज येते तिच्यातही १ मिलिग्रॅमच असतं, फक्त दहापट पातळ. ज्याची नाडी चालू आहे अशा ॲलर्जीच्या पेशंटला गोंधळात अख्खा १ मिलिग्रॅम शिरेतून गेला तर बीपी एकदम चढतं, हृदयाची लय बिघडू शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणून नुसता आकडा पाठ करू नकोस. आकड्याबरोबर जागा आणि पेशंटची नाडी, तिन्ही एका दमात म्हण. "नाडी नाही, शिरेतून, एक." "नाडी आहे, मांडीत, अर्धा." असं चालता चालता बडबडत राहा, लोक बघतील, बघू देत.

दुसरं म्हणजे हात. ट्रेनिंगच्या अँप्युल मागून घे. टिचकी मारून वरचं पाणी खाली आणायचं, मान मोडायची, ओढायचं, हवा काढायची आणि मग लेबल मोठ्याने वाचायचं, नाव, स्ट्रेंग्थ, मुदत. हे पन्नास वेळा कर. मग उभ्याने कर, मग हातमोजे घालून, मग कमी उजेडात. मोडलेली मान टेबलावर तशीच ठेवू नकोस, थेट शार्पच्या (सुया-काचांच्या) डब्यात.

लेबल मोठ्याने वाचायचा माझा हट्ट का ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री पेशंटची नाडी फार मंद होती, नाडी वाढवणारं ॲट्रोपिन हवं होतं आणि मी ॲड्रेनॅलिनची अँप्युल उचलली, दोन्ही एकाच कप्प्यात होत्या आणि दिसायला जवळजवळ सारख्या. मला पूर्ण खात्री होती की हातात ॲट्रोपिनच आहे. माझा जोडीदार फक्त म्हणाला, वाचून दाखव. मी वाचायला गेले आणि पोटात गोळा आला. त्याने चूक पकडली नव्हती, त्याने फक्त विचारलं होतं. तेव्हापासून माझ्या हाताखाली कुणीही असो, दोघांनी वाचल्याशिवाय औषध आत जात नाही.

प्रश्न : मॉनिटरवर सरळ रेषा आली की पिक्चरमध्ये शॉक देतात, मग आम्हाला नाही का म्हणतात? आणि एक सीनियर म्हणतात अशा वेळी ॲट्रोपिन द्यायचं.

शॉक हृदय सुरू करत नाही, शॉक थांबवतो. फिब्रिलेशनमध्ये हृदयात विजेचा नुसता गोंधळ चाललेला असतो, शॉकने तो एकदम गप्प होतो आणि हृदयाच्या स्वतःच्या पेसमेकरला (ठोके सुरू करणाऱ्या पेशींना) पुन्हा ताबा घ्यायची संधी मिळते. सरळ रेषेत थांबवायला गोंधळच नाही, तिथे चालतं ते छाती दाबणं, ॲड्रेनॅलिन लवकरात लवकर, आणि कारण शोधणं. फक्त त्याआधी लीड (मॉनिटरची अंगाला लावलेली वायर) निघाली नाहीये ना ते बघा.

ॲट्रोपिनचं म्हणाल तर तुमचे सीनियर शिकले तेव्हा ते बरोबर होतं, पण २०१० च्या गाइडलाइन्समध्ये हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी ते नेहमीच्या वापरातून काढलं. आता ते नाडी आहे पण फार मंद आहे आणि पेशंटला त्रास होतोय अशासाठी, १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. सीनियरना हे चारचौघांत सांगू नका, पण सांगा नक्की.

प्रश्न : ॲड्रेनॅलिनने माणूस वाचतो पण मेंदू वाचत नाही असं वाचलं. मग आम्ही ते इतकं का शिकतो? मला खरंच त्रास झाला ते वाचून.

त्रास व्हायलाच हवा, तुम्ही प्रामाणिकपणे वाचलंत म्हणून झाला. तुम्ही वाचलंत तो बहुतेक ब्रिटनमधला अभ्यास असणार, पॅरामेडिक टू नावाचा, २०१८ साली आला. रस्त्यावर, घरात हृदय बंद पडलेले ८,०१४ पेशंट, अर्ध्यांना ॲड्रेनॅलिन, अर्ध्यांना नुसतं सलाईन, आणि देणाऱ्यालाही माहीत नाही सिरिंजमध्ये काय आहे. तीस दिवसांनी जिवंत होते ते ॲड्रेनॅलिनवाल्यांत ३.२ टक्के, सलाईनवाल्यांत २.४ टक्के. पण घरी गेलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा असलेले ॲड्रेनॅलिनच्या गटात ३१ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.८ टक्के.

असं का होत असावं? ॲड्रेनॅलिन हातापायांच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे महाधमनीतला दाब वाढतो आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत रक्त ढकललं जातं. हृदय सुरू व्हायला मदत होते ती अशी. पण मेंदूतल्या बारीक वाहिन्यांपर्यंत तेवढं रक्त पोचेलच असं नाही, आणि सुरू झालेल्या हृदयाची ऑक्सिजनची भूक मात्र वाढते.

पण त्या अभ्यासातला मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा वेगळाच आहे. फोन आल्यापासून औषध आत जाईपर्यंत साधारण २१ मिनिटं गेली होती! एकवीस मिनिटांत मेंदूचं काय होतं ते आपल्याला माहितीये. छाती दाबली नाही आणि शॉकही दिला नाही तर फिब्रिलेशनमध्ये वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे औषध वाईट असं मी म्हणणार नाही, औषधाची वेळ येते तोवर मेंदू टिकवणारं काम दुसरंच आहे आणि ते तुमच्या तळहातात आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, मध्ये थांबलात तर १० सेकंदांच्या आत परत सुरू. ड्रिलमध्ये मी बघते, कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लागत नाही म्हणून अख्खी टीम त्या हाताकडे बघत बसते आणि दाबणाऱ्याचा वेग उतरलाय हे कुणाच्या गावी नसतं. दुसऱ्या प्रयत्नाला शीर नाही मिळाली तर हाडातून घ्या आणि नजर छातीवर ठेवा. कॅप्नोग्राफ (श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर त्याचा आकडा बघा, १० च्या खाली रेंगाळतोय म्हणजे आधी छाती दाबणं सुधारा. आणि अचानक ३५-४० वर उडी मारली तर बहुतेक हृदय परत सुरू झालंय.

प्रश्न : छातीत दुखतंय म्हटलं की आमच्याकडे पहिली जिभेखालची गोळी (नायट्रोग्लिसरीन) देतात. बरोबर आहे का?

पहिली नाही. पहिल्या दहा मिनिटांत बारा लीडचा ईसीजी, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन १६० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून, गिळून नाही. ॲस्पिरिन साधी गोळी म्हणून तिला कमी लेखतात, पण १९८८ च्या आयसिस टू अभ्यासात १७ हजारांवर पेशंट होते आणि नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले.

नायट्रोग्लिसरीन द्यायच्या आधी बीपी बघा, वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर नाही. ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी (मोठ्या टोकानंतरचा रेषेचा भाग) वर उचललेला दिसत असेल तर उजव्या बाजूची लीड लावून बघा, कारण उजव्या वेंट्रिकललाही (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यालाही) झटका बसला असेल तर ते परत येणाऱ्या रक्तावरच चालतं आणि ही गोळी तेच रक्त कमी करते, बीपी धाडकन कोसळतं. आणि तिसरा प्रश्न जो विचारायला नवीन मुलं लाजतात : लैंगिक ताकदीची गोळी घेतलीय का? सिल्डेनाफिल २४ तासांत, टॅडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल तर नायट्रोग्लिसरीन नाही. बायको-मुलं समोर असतील तर पेशंट खरं सांगणार नाही, म्हणून गाडीत घेतल्यावर, दार लावून, हळू आवाजात विचारा. ऑक्सिजन सरसकट लावू नका, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच.

प्रश्न : ॲडेनोसिन (फार वेगाने धडधडणारं हृदय ताळ्यावर आणायचं औषध) द्यायची भीती वाटते. पेशंटचं हृदय आपणच थांबवतोय असं वाटतं.

काही सेकंद तसंच दिसतं, रेषा सरळ होते, आणि ते सेकंद फार लांब वाटतात. पण हे औषध रक्तात १० सेकंदही टिकत नाही. म्हणूनच ते फसतं ते असं, मनगटाच्या बारीक शिरेतून हळू दिलं की हृदयाला पोचायच्या आधीच संपतं. कोपराजवळची मोठी शीर, ६ मिलिग्रॅम झटक्यात, लगेच मागून २० मिली सलाईन तेवढ्याच जोरात, आणि हात वर. नाही जमलं तर १२. शॉकचे पॅड आधी चिकटवून ठेवा, ईसीजीची पट्टी चालू ठेवा.

आणि पेशंटला आधी सांगा. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटेल, आपण मरतोय असं वाटेल, काही सेकंदांत जाईल, मी इथेच आहे. न सांगता दिलं तर तो माणूस पुढच्या वेळी छाती धडधडली तरी गाडी बोलवणार नाही.

प्रश्न : मी ट्रेनर आहे. वर्षातून एकदा दोन दिवसांचा रिफ्रेशर होतो, त्यात सगळं बसत नाही.

बसणारच नाही. छाती दाबायचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, मग वर्षाने दोन दिवस घेऊन काय उपयोग? त्यापेक्षा ड्यूटी बदलताना दहा मिनिटं घ्या. मॅनिकिन कोपऱ्यात कायम मांडलेला ठेवा, एक दिवस दोन मिनिटं नुसतं दाबणं, एक दिवस नुसती अँप्युल ओढणं, एक दिवस एक ईसीजी. टीम लीडरने सांगितलेलं औषध आणि डोस समोरच्याने तसंच परत म्हणून दाखवायचं, जसं "ॲमिओडारोन ३००, तिसऱ्या शॉकनंतर", आणि दिल्यावर "दिलं" असं वेळेसकट म्हणायचं, ही सवय तिथेच लागते. आणि कृपा करून मॅनिकिन जमिनीवर, भिंत आणि पलंगाच्या सापटीत ठेवून बघा एकदा, कारण पेशंट टेबलावर कधीच पडलेला नसतो.