वाचकांचे प्रश्न : आपलं सांगली केंद्र

मागच्या अंकात आकाशवाणी सांगलीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मी स्वतः बरीच वर्षं रेडिओवर नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे गरजेपुरता बोलावलेला निवेदक म्हणून काम केलंय, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे पूर्वी सांगली केंद्र खणखणीत लागायचं, आता नुसती खरखर येते, रात्री तर दुसरीच भाषा मध्ये घुसते. केंद्र बंद पडलं का? (एक वाचक, कवठेमहांकाळ)

नाही हो काका, केंद्र चालू आहे, १९६३ पासून चालू आहे. खरखर बऱ्याचदा आपल्या घरातनंच येते. सांगलीचं मध्यम लहरीवरचं, म्हणजे मीडियम वेव्हवरचं प्रक्षेपण १२५१ किलोहर्ट्झवर, आणि मीडियम वेव्हला सगळ्यात मोठा त्रास कुणाचा तर एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा यांचा, ह्या सगळ्यांच्या आत जे सर्किट असतं ते सतत बारीक बारीक लहरी सोडत असतं आणि रेडिओ त्या पण पकडतो. पूर्वी घरात एक पिवळा बल्ब असायचा त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. एकदा घरातला मेन स्विच बंद करून सेलवर रेडिओ लावून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरं म्हणजे सेट फिरवून बघा. वरची काडी ओढून मीडियम वेव्हला काही होत नाही, ती एफएमसाठी. मीडियम वेव्हचा अँटेना सेटच्या आत असतो, फेराईटची आडवी कांडी, तिला दिशा असते. सेट जागेवरच हळूहळू गोल फिरवला की एका कोनात आवाज स्वच्छ होतो. आमचे आजोबा ट्रान्झिस्टर खिडकीत तिरका ठेवायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, ते काही उगीच नव्हतं.

आणि रात्री दुसरीच भाषा मध्ये घुसते म्हणता, तर ते नैसर्गिक आहे. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, वर गेलेली लहर आकाशातच शोषली जाते, अंधार पडला की तो शोषणारा थर विरतो आणि लांबलांबची केंद्रं वरनं परावर्तित होऊन आपल्या अंगणात उतरतात. म्हणून सांगली केंद्र स्वच्छ ऐकायचं ते सकाळ-दुपारी.

सगळं व्हॉट्सॲपवर मिळतं, मग सरकारी रेडिओवर खर्च कशाला? (एक वाचक, पलूस)

तुम्ही कृष्णाकाठचे, म्हणून तुम्हालाच उलटं विचारतो, २०१९ चा ऑगस्ट आठवतो का? आपल्याकडे पावसाळ्यात प्रश्न एकच असतो, "आयर्विनला किती फूट झालं?", म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत लाईट गेली, मग मोबाईल उतरले, मग टॉवरच गेला, आणि त्याआधी व्हॉट्सॲपवर काय काय आलं, अमुक धरण फुटलं, तमुक पूल पडला, म्हाताऱ्या माणसांचे हातपाय गळाले नुसते. शेजारच्या आजींकडे सेलवरचा जुना सेट होता, त्याच्याभोवती आम्ही अकरा जण बसलो होतो. रेडिओवर जो बोलतो तो कुठनं बोलतोय हे माहीत असतं, चुकलं तर त्याला जाब विचारता येतो. फॉरवर्डला कुणाला विचारणार? आणि खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, २०१९ पासून ते आकाशवाणीच्याच बातम्या पुन्हा ऐकवू शकतात, एवढंच.

पण मला ह्याहून मोठी वाटते ती १९५६ ची गोष्ट, जी आपल्याच भागातली आहे आणि आपणच विसरलोय. पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात पंधरा-वीस लोकांचं श्रोतामंडळ केलं, एक निमंत्रक, एक टिपणं घेणारा. आठवड्यातनं दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, असे वीस कार्यक्रम झाले, आणि कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून गावकरी त्या विषयावर आपसात बोलायचे, काय पटलं, काय आपल्या रानात चालणार नाही, आणि ते शंका-प्रश्न पुण्याला कळवायचे, त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्याचं सूत्र. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला आणि मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती स्पष्ट वाढलेली दिसली. १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली. म्हणजे बघा, फोन नव्हता, रस्ता धड नव्हता, तरी गाव केंद्राशी बोलत होतं. आज सगळं हातात आहे आणि आपण नुसतं ऐकतो, किंवा तेही नाही.

खर्चाचं म्हणाल तर पूर्वी पोस्टात रेडिओचं लायसन भरावं लागायचं, ते १९८० च्या दशकात गेलं. आता आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती केंद्र सरकारच्या अनुदानावर आणि जाहिरातींवर चालते, म्हणजे पैसा आपलाच, म्हणून हक्कानं मागा. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम संभाजीनगरला न्यायचा निर्णय निघाला होता, लोकांनी आवाज उठवला आणि तो थांबला. श्रोता गप्प बसला असता तर गेलाच होता.

मी गाते आणि निवेदनही करते. ओळख नसताना रेडिओवर संधी मिळते का? (कॉलेज विद्यार्थिनी, मिरज)

ताई, मिळते, आणि मिरजेसारख्या गाण्याच्या गावची मुलगी असून असं विचारू नका! गाण्यासाठी केंद्राकडे ऑडिशनचा अर्ज करायचा, पास झालात की श्रेणी मिळते, बी, बी हाय, ए आणि टॉप अशी चढण आहे. पहिल्यांदा नापास झालात तर रडायचं नाही, नंतर पुन्हा देता येते. वय १५ ते ३० मध्ये असेल तर आधी युववाणीत, म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमात शिरा, भीड तिथेच मोडते. निवेदनासाठी नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात निघते, लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग 'वाणी' ह्या आकाशवाणीच्या निवेदन-प्रमाणपत्राचं ट्रेनिंग. तयारी म्हणून रोज पेपरमधला एक मजकूर मोठ्यानं वाचा, 'च' आणि 'ज' चे दोन्ही उच्चार, 'ण' आणि 'न', इथेच बहुतेकांची विकेट जाते. आणि कुणाची नक्कल करू नका, तुमचा सांगली-मिरजेचा हेल थोडा राहिला तर राहू दे, मला तर तो आवडतो.

दुबईत सांगली ऐकता येईल का? (एक वाचक)

न्यूजऑनएअर ॲप घ्या. आकाशवाणीची दोनशेहून जास्त प्रक्षेपणं त्यावर आहेत, मराठी केंद्रं शोधा.

शेतीच्या कार्यक्रमात सगळे सल्ले मोठ्या बागायतदारांसाठी असतात. आमचा अर्धा एकर, जिरायत. आमचं कोण ऐकणार? (एक महिला शेतकरी, जत तालुका)

तुमची तक्रार रास्त आहे, मी पण हे ऐकत आलोय, द्राक्षाच्या भुरी रोगावर चार कार्यक्रम आणि मटकी-हुलग्यावर एखादाच. पण रेडिओनं लहान शेतकऱ्याचं काम केलंच नाही असं नाही. तिकडे तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी भाताची एक नवी जात रेडिओवर ऐकून इतकी लावली की तिचं नावच 'रेडिओ तांदूळ' पडलं.

तर लिहा. साधं पोस्टकार्ड चालतं, पत्त्यावर 'शेती विभाग, आकाशवाणी, सांगली' असं घाला. मोघम "आमच्यासाठी काहीतरी करा" असं लिहू नका, गाव, जमीन कशी आहे, पेरणी कधी केली, पाऊस किती झाला, पानावर काय दिसतंय, आत्तापर्यंत काय फवारलं, हे सगळं लिहा, कारण स्टुडिओत बसलेल्या तज्ज्ञाला तुमचं रान दिसत नसतं. आणि एकटीनं नको, बचतगटातल्या पाच-सहा जणींनी मिळून, प्रत्येकीचं वेगळं कार्ड. एकाच तालुक्यातनं एकाच पिकाची सहा कार्डं टेबलावर पडली की कार्यक्रम करणारा माणूस दखल घेतोच, मी आत बसून ते पाहिलंय. उत्तर कधी लागणार ते विचारायला फोन करा आणि त्या दिवशी रेडिओ अंगणात आणून सगळ्याजणी मिळून ऐका.