दोन अटेम्प्ट आणि मृणालताईंचा फोटो

पत्र (संक्षिप्त): मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. दहावीला ९३ टक्के, बारावीला ८७. एमपीएससी करायची म्हणूनच आम्ही तिला आर्ट्सला जाऊ दिलं. पुण्यात क्लास आणि खोली, दोन्ही बघून ठेवलंय. पण कॉलेजात मृणाल गोरेंवर प्रकल्प केल्यापासून तिचं वेगळंच चाललंय. विधिमंडळाचं काम शिकायचंय म्हणते, टेबलावर त्यांचा फोटो लावलाय. त्या बाईंनी तर डॉक्टरकी अर्धवट सोडली होती म्हणे. आम्ही सांगितलंय, दोन अटेम्प्ट देऊ, नाही झालं तर लग्न. सिस्टीम सुधारायचीच असेल तर आधी कलेक्टर हो. तिला तुम्ही समजवा. – एक पालक, बार्शी

स. न. वि. वि.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात ‘आम्ही’ किती वेळा आलंय ते मोजायला लागलो आणि पहिल्याच पानावर सोडून दिलं. मुलीचं स्वतःचं म्हणणं चार पानांत मिळून दीड ओळ. तिच्या गुणांविषयी मला काही बोलायचं नाही, ते उत्तम आहेत.

मला टोचली ती ‘नाही झालं तर लग्न’ ही ओळ. नापास झाल्यावर भरायचा दंड म्हणून लग्न? उद्या खरंच लग्न ठरलं तर त्या घरात ती कुठल्या मनाने जाईल, याचा विचार केलात का? शिवाय तुमची ही अट हिशेबातही बसत नाही. जाहिरात कधी निघेल, पूर्व परीक्षा कधी, मुख्य कधी, मुलाखत कधी आणि नेमणुकीचं पत्र कधी, यातलं काहीच उमेदवाराच्या हातात नसतं. तारखा सरकारी आणि शिक्षा घरची, असा हा प्रकार आहे. माझ्यासमोर अशी अट डोक्यावर घेतलेल्या मुली बसतात. पुस्तक उघडं असतं आणि डोळे कॅलेंडरवर. ही अट आजच मागे घ्या, आणि तसं तिला तोंडाने सांगा.

आता फोटोविषयी. मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण सोडलं हे खरं. राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेच्या कामात त्या पूर्ण वेळ गेल्या. पण तुम्ही त्यांच्या आयुष्यातून तेवढंच उचललंत. पुढचं तुमच्या मुलीने वाचलंय, तुम्ही विचारलेलं दिसत नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावसारख्या उपनगरांच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ मध्ये आमदार झाल्या. आणीबाणीत तुरुंगात गेल्या. १९७७ ला लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली; दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. तुमच्या पिढीला ती आठवत असेल.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम त्यानंतरचं, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्यावरचं. त्या काळात गर्भाची लिंगतपासणी करून देणारे दवाखाने उघड जाहिरात करत. महिला संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध रस्त्यावर होते. मृणालताईंनी सभागृहात अशासकीय विधेयक मांडलं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतःहून आणलेलं विधेयक. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण एकदा मांडलं की सरकारला त्या विषयावर तोंड उघडावं लागतं. अखेर सरकारने स्वतःचा कायदा आणला. १९८८ चा तो कायदा देशातला या प्रकारचा पहिला, केंद्राचा आला १९९४ मध्ये.

‘आधी कलेक्टर हो, मग सिस्टीम सुधार’ हे तुमचं वाक्य मला जवळजवळ प्रत्येक पालकाकडून ऐकायला मिळतं. ते चुकीचं आहे. कलेक्टर योजना राबवतो, आणि चांगला असला तर नेकीने राबवतो. पण सेवाशर्तींनी त्याचे हात बांधलेले असतात, सरकारच्या धोरणावर तो जाहीर टीका करू शकत नाही. जाब विचारायचं काम घटनेने दुसरीकडे दिलंय. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळाच्या पटलावर येतो आणि मग आमदारांची लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते, हा पैसा कुठे गेला? तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याने मागितलेली रक्कम कमी करा अशी) ही हत्यारं आमदाराची. आता ती किती आमदार वापरतात, हे विचारू नका! वापरायची तर मागे कुणीतरी अहवाल वाचणारं, आकडे जुळवणारं, प्रश्नाची भाषा घट्ट बांधणारं माणूस लागतं. तुमच्या मुलीला बहुधा हेच काम खुणावतंय, आणि अशी माणसं फार कमी आहेत.

वाटा थोडक्यात सांगतो. विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीतल्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, त्यात पदवीधर मुलं एका खासदाराबरोबर संसदेचं काम शिकतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो, त्याची चौकशी तिच्या विभागप्रमुखांकडे करावी. सरकारी नोकरीच हवी असेल तर एसएससी सीजीएल या केंद्राच्या पदवीधरांसाठीच्या भरती परीक्षेतून कॅगच्या कार्यालयात जाता येतं. एमपीएससी आहेच, तिला स्वतःला द्यावीशी वाटली तर.

तिच्यासाठीही दोन शब्द, कडू आहेत. आमदारकी हे करिअर नव्हे. तिची जाहिरात निघत नाही, पाच वर्षांनी लोक घरी बसवतात. पोटापाण्याचं वेगळं काहीतरी हातात हवं. एलएल.बी. केलीस तर दोन्हीकडे उपयोगी पडेल. फेलोशिपसाठी इंग्रजी सुधार, त्याला पर्याय नाही. आणि मृणालताई सभागृहात पोचण्याआधी पाण्याच्या रांगांपर्यंत पोचल्या होत्या. तू बार्शीत नगरपालिकेचं एखादं अंदाजपत्रक पाहिलंयस का? माहितीच्या अधिकारात मागव. पाणीपुरवठ्यावर किती तरतूद होती, किती खर्च झाला आणि तुमच्या आळीत पाणी किती दिवसांआड येतं, एका कागदावर लिहून काढ. त्यात रस वाटला तर पुढे बोलू. कंटाळा आला तर तुझे बाबा म्हणतात तो क्लास वाईट नाही.

बाबा, पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट अजून भरलं नसेल तर महिनाभर थांबा. ती तो कागद करून मला पाठवू दे. पत्र तिच्या अक्षरात असावं, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नये.