मुलाचं नाव ‘विराट’ ठेवलं तर लोक क्रिकेटपटूशीच जोडतील का?

हो, जोडतील. पण म्हणून आवडलेलं नाव सोडू नका.

सचिन तेंडुलकरचंच बघा. त्याचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना सचिन देव बर्मन यांचं संगीत फार आवडायचं, म्हणून 1973 साली जन्मलेल्या धाकट्याचं नाव सचिन ठेवलं. आज ते नाव ऐकून किती जणांना बर्मनदा आठवतात? पुढे तेच नाव बीडच्या सचिन धसला तेंडुलकरवरून मिळालं, आणि 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने 96 धावा काढल्या. गावसकरांनी तर मुलाच्या ‘रोहन जयविश्व’ या एकाच नावात कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ अशा तिघा क्रिकेटपटूंना बसवलं. मला हे फार लोभस वाटतं.

उलटंही होतं. न्यूझीलंडचा क्रिकेटपटू रचिन रवींद्रचं नाव राहुल (द्रविड) आणि सचिन जोडून केलं असं सगळे सांगतात, पण त्याच्या वडिलांनी स्पष्ट केलंय की नाव आईने सुचवलं, ते छोटं आणि गोड वाटलं म्हणून ठेवलं. म्हणजे तुम्ही काहीही सांगा, लोक आपली गोष्ट लावणारच.

खरी अडचण वेगळी आहे. आमच्या वर्गात तीन सचिन होते, बाई हजेरीला आडनावानेच हाक मारायच्या. तेव्हा तुमच्या सोसायटीत, अंगणवाडीत आधीच दोन विराट असतील तर थोडा विचार करा. नाहीतर बारशाला खुशाल कानात ‘विराट’ म्हणा.