वादात उतरण्याआधी

इस्रायल-पॅलेस्टाईनच्या विषयात नवीन आहेस, म्हणून सांगतो. समोरचा गोष्ट कुठल्या सालापासून सुरू करतोय, ते आधी बघ. कुणी १९४८ पासून, म्हणजे सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले तिथून. कुणी ७ ऑक्टोबर २०२३ पासून, जेव्हा हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या इस्रायलवरच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली. साल निवडलं की अर्धा निकाल तिथंच लागतो. त्यावर भांडू नकोस, 'त्याच्या आधी काय?' एवढंच विचार.

गाझातल्या मृतांचा आकडा तिथलं आरोग्य मंत्रालय देतं. त्यात लढवय्ये आणि सामान्य लोक वेगळे नसतात. आकडा फेकून देऊ नकोस, पण ही गोष्ट लक्षात ठेव. व्हिडिओ आला की आधी तारीख तपास. सीरियातले जुने व्हिडिओ गाझाचे म्हणून सर्रास फिरलेत.

आणि हमास म्हणजे सगळे पॅलेस्टिनी नव्हेत, इस्रायली नेते नेतन्याहू म्हणजे सगळे ज्यू नव्हेत. आपल्या रायगडातले बेने इस्रायली ज्यू घरात मराठी बोलत आलेत. त्यांच्याकडून कुणी गाझाचा जाब मागितला, तर तिथं मात्र गप्प बसू नकोस. बाकी शिवीगाळ सुरू झाली की सरळ उठ. रात्री अकरानंतर तर कुणाचंच मत बदलत नाही.