वाचकांचे प्रश्न : पिकअपचे हेडलाइट

प्रश्न (लासलगाव) : आमच्या पिकअपचा उजवा हेडलाइट मंद पेटतो. दोनदा बल्ब बदलला, फरक नाही. डिप्पर लावला तरी मीटरमधला अप्परचा निळा दिवा अंधुक दिसतो. रात्री कांदा भरून कसारा घाट उतरावा लागतो.

उत्तर : त्या निळ्या दिव्यानेच दुखणं सांगितलंय. बल्ब चांगला आहे, अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) गेलाय. एच-४ बल्बमध्ये अप्पर-डिप्परच्या दोन फिलामेंट असतात, पण बहुतेक गाड्यांत दोघींना मिळून अर्थची पिन एकच. ती सैल झाली किंवा गंजली की डिप्परचा करंट परतीची वाट शोधत अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि त्या लाइनवरचा निळा दिवा पेटवतो. काच नीट पाहा, दोन्ही फिलामेंट थोड्या थोड्या तांबूस दिसतील.

खात्री करायला इंजिन चालू ठेवून डिप्पर लावा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब कपलरच्या (बल्बवर बसणाऱ्या वायरच्या प्लगच्या) मागून अर्थच्या वायरला टेकवा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. कपलर बल्बवरच असू द्या. तो काढून मोजलं तर करंटच वाहत नाही आणि सडकी वायरही चांगली वाटते. बहुतेकांची फसगत इथेच होते.

हेडलाइटजवळ बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट आहे, तो खोला. रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा, बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. कपलरचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर आतल्या पट्ट्यांची पकड गेलेली असते. पक्कडीने दाबून दोन आठवडे ढकलता येतील, पण सिरॅमिक कपलर टाकलेला बरा. बल्बला मिळणारा व्होल्टेज १० टक्के घटला की उजेड सुमारे ३० टक्के घटतो, म्हणून ही कटकट करायची.

प्रश्न (जत) : बल्ब घरीच बदलायचा आहे. काय सांभाळावं?

उत्तर : आधी बल्बच्या पत्र्यावर छापलेलं वाचा. १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट हवा. ट्रकचा २४ व्होल्टचा एच-४ (७५/७० वॅट) त्याच होल्डरमध्ये बसतो आणि मग अगदीच मिणमिणतो. दुकानात ही अदलाबदल होते.

लाइट बंद करून दहा मिनिटं थांबा. कपलर धरून सरळ मागे ओढा, वायर धरून नाही. रबरी टोपी काढा, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करा, बल्ब बाहेर. नव्या बल्बची काच बोटांनी धरू नका. बोटाचं तेल लागलं की काच त्या ठिकाणी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. पत्र्याला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर. डिप्परच्या फिलामेंटखालची छोटी वाटी खालीच राहिली पाहिजे, नाहीतर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. रबरी टोपी कडेने पूर्ण बसली का, बोट फिरवून बघा. फटीतून पाणी शिरून पावसाळ्यात रिफ्लेक्टरची चांदी उडते.

जुना बल्ब फेकण्याआधी उजेडात धरा. आत पांढरट-पिवळसर भुकटी असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली होती. महिन्या-दोन महिन्यांत बल्ब जात असतील तर इंजिन थोडं रेज करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १४.८ च्या वर गेला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा.

प्रश्न (अकोला) : १००/९० चे बल्ब लावल्यापासून १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. मेस्त्री म्हणतो ३० चा टाकू.

उत्तर : टाकू नका. ६० वॅटच्या दोन बल्बना १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात, १०० वॅटच्या दोनांना साडेसोळाच्या वर. म्हणजे फ्यूज त्याचं काम करतोय. ३० चा टाकलात तर पुढच्या वेळी वायर जळेल, तीही डॅशबोर्डमागे स्विचजवळ. शिवाय हे बल्ब रस्त्यावर वापरायला मान्य नाहीत. ६०/५५ च ठेवा आणि दोन रिले (बल्बला थेट बॅटरीतून करंट जोडणारे स्विच) बसवा, एक अप्परला, एक डिप्परला. प्रत्येकाच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची वायर (बॅटरीजवळच १५ चा फ्यूज), ८७ वरून बल्ब, ८६ ला हेडलाइटची जुनी वायर, ८५ अर्थ. उजेडातला फरक पहिल्याच रात्री कळतो.

प्रश्न (राजापूर) : डिप्परवर असूनही समोरचे लाइट मारतात, तेही माल भरल्यावरच.

उत्तर : मागचा पाटा (स्प्रिंग) ५ सेंमी दबला आणि पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरलं, तर १० मीटरवर उजेड सुमारे १७ सेंमी वर चढतो. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, रिकामी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिप्परची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा १० सेंमी खाली यायला हवी, तशी हेडलाइटमागच्या स्क्रूने बसवा. भरल्यावर डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चक्र ० वरून पुढच्या आकड्यावर न्या. चक्र नसेल तर जिथे माल भरता तिथल्याच एखाद्या भिंतीवर खूण करून ठेवा आणि भरल्यावर स्क्रू तेवढा फिरवा.